घरच्या मैदानावर अजिंक्य

बाई, आज ऑफिसात माझ्या वाट्याला एक काम आलं आणि तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे. क्लबला एक बॅनर हवा आहे. चांगला लांबरुंद, मैदानाच्या मागच्या कुंपणावर टांगायचा, महामारीच्या त्या वर्षीच्या सीझनची आठवण म्हणून. त्यावर आमच्या टीमचं चिन्ह आणि खाली ठळक इंग्रजी अक्षरांत ‘घरच्या मैदानावर अजिंक्य’. तो छापून आणायचा मी. मॅनेजरने दोन्ही हात पसरून मला त्याची लांबी दाखवली, "एवढा मोठा पाहिजे, मेट, ट्रेनमधूनसुद्धा दिसला पाहिजे," आणि खूश होऊन कॉफी आणायला गेला. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशात बघताना मला तुमची आठवण झाली. काहीतरी नासकं हुंगल्यासारखं नाक वर चढवून तुम्ही ज्या तऱ्हेने एखाद्याकडे बघायचात, ती तऱ्हा माझ्या तोंडावर आली होती. मग दिवसभर ती काही उतरेना.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच इथे वॉलॉंगॉंगला युनिमध्ये शिकायला आले होते. त्याला आता इतकी वर्षं झाली की माझ्याही केसांना रंग लावावा लागतो. मी इथेच राहिले. शिकले, नोकऱ्या बदलल्या, परमनंट झाले, लग्न केलं. एक मुलगी आहे, तिच्याशी मी मराठीत बोलते आणि ती मला इंग्रजीत उत्तरं देते. आणि नोकरी करते बेसबॉल क्लबच्या ऑफिसात. हसू नका. खानदेशातल्या शाळेत तुमच्या हाताखाली सॉफ्टबॉल खेळलेली मुलगी आता समुद्राकाठी, पोलादाच्या कारखान्याच्या चिमण्यांसमोर, पगारी बेसबॉलपटूंच्या बसची, जेवणाची आणि धुवायच्या कपड्यांची व्यवस्था बघते. पगारी म्हणायचं ते आपलं म्हणायला. या देशात क्रिकेट आणि फुटबॉलपुढे बेसबॉलला कोणी विचारत नाही, त्यामुळे आमचे निम्मे खेळाडू दिवसा कुठेतरी पाइप बसवतात नाहीतर जिममध्ये शिकवतात आणि मग संध्याकाळी प्रोफेशनल होतात. इंटरव्ह्यूला मला विचारलं होतं, खेळ कळतो का? मी म्हटलं, मला एका बाईंनी शिकवलाय. ते हसले. त्यांना वाटलं मी लाजून बोलतेय.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून वासासकट आठवतं. मॅच झाली की हरो नाहीतर जिंको, अख्खी टीम तुमच्या घरी. तुम्ही गळ्यातली शिट्टी न काढताच गॅसवर वांगी भाजायला घ्यायचात आणि आम्ही ओट्याखाली फतकल मारून बसायचो. कळण्याची भाकरी, भरीत, वरून कच्चं तेल, हिरव्या मिरच्या. कोण कुठे चुकलं ते तुम्ही वाढता वाढता सांगायचात, त्यामुळे डोळ्यांत पाणी नक्की कशाने येतंय ते कळायचं नाही. मी डावखुरी. शाळेतले सगळे ग्लव्ह डाव्या हातात घालायचे, म्हणून मी बिचारी उजव्या हाताने चेंडू फेकायची आणि तो भलतीकडेच जायचा. मग एके दिवशी भूगोलाचा तास चालू असताना तुम्ही वर्गाच्या दारातून माझ्या बाकावर चामड्याचा एक गोळा भिरकावलात. बसस्टँडसमोर चपला शिवणारे काका होते, त्यांच्याकडून उजव्या हातात बसेल असा ग्लव्ह शिवून घेतला होतात. त्याला नव्या चपलेचा वास होता आणि अंगठ्याच्या जागी सरळसरळ चपलेचा पट्टा होता. "आता कारणं सांगू नकोस," एवढं बोलून तुम्ही निघून गेलात. त्या काकांनी आयुष्यात कधी ग्लव्ह पाहिला नव्हता, हे मला नंतर कळलं. तुम्ही स्वतःचा हात पुढे करून त्यांना चेंडू कसा धरतात ते दाखवत दोन दुपारी तिथे बसला होतात.

आणि ती बारा-शून्यची मॅच. दुसऱ्या शाळेच्या पोरी आमच्यापेक्षा दांडग्या होत्या, ऊन मी म्हणत होतं, आणि पंचांनी तुम्हाला येऊन सांगितलं की फरक फार झालाय, नियमाने थांबवता येईल. तुम्ही म्हणालात, माझ्या मुली खेळतील. मी मागे बसून पिशवीत सामान भरत होते. डबा भरला, बाटली भरली, बूटसुद्धा काढले. तुम्ही माझ्यासमोर येऊन उभ्या राहिलात. "ए पोरी, सामान बाहेर काढ. मॅच हरलीय, संपलेली नाहीये." मी बूट परत घातले. शेवटच्या इनिंगमध्ये माझ्याकडे एक उंच चेंडू आला आणि तो मी पकडला. त्याने काहीच फरक पडला नाही, बारा-शून्य ते बारा-शून्यच राहिलं. त्या रात्री भरीत वाढताना तुम्ही म्हणालात, "हरायचं तर पुरतं हरावं. अर्धवट हरलेला माणूस जन्मभर कारणं सांगत हिंडतो." मला तेव्हा ते काही कळलं नव्हतं. फक्त तुमचा राग आला होता आणि भूक लागली होती.

आता त्या सीझनचं सांगते. महामारी आली, देशाच्या सीमा बंद झाल्या आणि मग राज्याराज्यांच्याही झाल्या. आज उघडी असलेली सीमा उद्या बंद. क्लबच्या लोकांनी खेळ चालू ठेवायचा म्हणून आधी मॅच कमी केल्या. मग नऊ इनिंगच्या मॅच सात इनिंगच्या केल्या, म्हणजे आपल्या सॉफ्टबॉलइतक्या. मग प्रेक्षक बंद केले. रिकाम्या खुर्च्या कॅमेऱ्यात वाईट दिसतात म्हणून मॅनेजरने कुठेतरी बघून एक टूम काढली. लोकांनी पैसे भरून आपला फोटो पाठवायचा, क्लब तो माणसाएवढा मोठा करून छापणार आणि खुर्चीत बसवणार. इथे निवडणुकीच्या पाट्या ज्या पन्हाळीदार प्लास्टिकच्या करतात, ज्याला हे लोक कॉरफ्लूट म्हणतात, त्यावर. सीझन संपला की ज्याचा त्याला परत. मॅनेजर मला म्हणाला, "तुमच्या लोकांना सांग ना. तुमची माणसं तर फॅमिलीच्या फॅमिली येतात." मी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. सीझन संपल्यावर प्रत्येकाला आपापला फोटो हातात मिळेल, माझी जबाबदारी, असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं.

आणि बाई, आपल्या लोकांनी काय केलं माहितीये? एकाने म्हणून स्वतःचा फोटो पाठवला नाही. सगळ्यांनी आईवडिलांचे नाहीतर आजीआजोबांचे पाठवले. ज्यांना भेटायला जाता येत नव्हतं, ज्यांची तिकिटं रद्द झाली होती, ज्यांना व्हिसा मिळूनही विमान नव्हतं, ते सगळे. बाकीच्या स्टँडमध्ये इथले लोक, टोप्या घालून, जिभा बाहेर काढून, कुत्र्यांना मांडीवर घेऊन. आणि आमच्या रांगेत कुणाची आई पैठणीत, कुणाचे बाबा सफारीत, कुणाचे आजोबा थेट लग्नाच्या पंगतीतून कापून काढलेले, हातात जिलबी तशीच. कॅमेरा त्या रांगेवरून फिरला की ऑफिसात हशा पिकायचा. मीही हसायचे, पण मला ती रांग बघून बरं वाटायचं. इतकी माणसं एका ओळीत बसून आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. गिरावीनला राहणारा पुण्याचा एक मुलगा आहे, आयटीत, मला ताई म्हणतो. त्याने आईचा फोटो पाठवला होता टेकडीवर फिरायला गेलेली असतानाचा. साडीवर स्वेटर, डोक्याला मफलर, पायात स्पोर्ट शूज, आणि कुणीतरी मध्येच थांबवल्यामुळे जरा वैतागलेली. तो तिला रोज व्हिडिओ कॉलवर सांगायचा, आई, आज तू मॅचला आहेस हं. ती म्हणायची, मला पुढची जागा दे, मागून काही दिसत नाही. त्याने मला तसा मेसेज केला आणि मी तिला पहिल्या रांगेत आणलं.

मी तुम्हालाही आणलं, बाई. टीमच्या ग्रुप फोटोतून. मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, गेलेल्या माणसाला जिवंतांच्या रांगेत बसवू नये गं, म्हणून मी तुम्हाला त्या रांगेतून उठवलं आणि एकटीला होम प्लेटच्या, म्हणजे बॅट्समन उभा राहतो त्या जागेच्या, बरोबर मागे बसवलं, जिथून चेंडूचं वळण दिसतं. गळ्यात शिट्टी, हातात बॅट, कपाळाला आठी. कात्री नीट चालली नाही, त्यामुळे तुमच्या खांद्याशी माझी अर्धी वेणी राहिली. चेंडू टाकणारा आमचा पिचर म्हणाला, ही लेडी मला घाबरवते. मी म्हटलं, तेच तिचं काम आहे.

शेवटची मॅच दुपारची होती. कारखान्याकडून वारा येत होता. तिसऱ्या इनिंगच्या सुमाराला पाहुण्या टीमच्या राज्याने जाहीर केलं की मध्यरात्रीपासून सीमा बंद. संध्याकाळच्या विमानाने परत गेले नाहीत तर पुढे हॉटेलात कोंडून घ्यायचं. मॅच सोडून जावं लागणार हे उघड होतं, आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. त्यासाठी मी कुणाला शब्दाने बोलले नसते. पण नियम असा की पाचवी इनिंग झाल्याशिवाय मॅच थांबली तर ती झालीच नाही असं धरतात. आणि पाहुण्यांची पाचवी बॅटिंग संपली, त्या वेळी घरची टीम पुढे असली, तर निकाल लागला, मॅच घरच्यांची. आम्ही एका रनने पुढे होतो. पाहुणे पाचव्या इनिंगला बॅटिंगला येत होते. माझ्यापासून चार पावलांवर, पाण्याच्या पिंपाशी, दोन्ही टीमचे मॅनेजर उभे राहून बोलत होते. त्यांची टीम तशीही तळाला होती, त्यांना फक्त विमान गाठायचं होतं. घरच्या मैदानावर आम्ही त्या सीझनला एकही मॅच हरलो नव्हतो, त्यामुळे आमच्याला फक्त हीसुद्धा जिंकल्याचा निकाल पाहिजे होता. "झटपट उरकून टाकू या?" आमचा म्हणाला. "नो वरीज," त्यांचा म्हणाला. एवढंच. मी पिंपातून ग्लास भरत होते. कुणी आवाजसुद्धा खाली केला नाही, कारण मी काय, कपडे धुवायला देणारी बाई.

मग जे झालं ते मला कधी नीट सांगता येत नाही. पहिला बॅट्समन आला आणि डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूंवर मुद्दाम तीनदा बॅट फिरवून आउट झाला. हसत होता. दुसरा आला, त्याने तर चेंडू पिचरच्या हातातून सुटायच्या आधीच बॅट फिरवली. आमचे लोक टाळ्या वाजवत होते. धडधाकट, मोठी माणसं, ज्यांना मी सकाळी केळी मोजून दिली होती, ती टाळ्या पिटत होती. पाहुण्यांच्या बाकाशी बॅगा ओळीने लावून ठेवल्या होत्या, काहींनी तर बूट बदलून चपला घातल्या होत्या. मला शिसारी आली, बाई. या खेळाला घड्याळ नसतं, शेवटचा माणूस आउट होईपर्यंत काहीही होऊ शकतं, हे सोडून या खेळात दुसरं आहे तरी काय? ते एवढं एकच होतं, तेच त्यांनी पाण्याच्या पिंपाशी देऊन टाकलं.

तिसरा आला तो त्यांच्यातला सगळ्यात वयस्क. दाढी पिकलेली, गुडघ्याला पट्टा. हा त्याचा शेवटचा सीझन आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो उभा राहिला आणि त्याने बॅट फिरवलीच नाही. वाईट चेंडू सोडला. आणखी एक सोडला. त्याच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काय करतोयस, मेट? बस उभी आहे!" त्याने तिकडे बघितलंसुद्धा नाही. पायाने माती सारखी केली, परत उभा राहिला आणि पुढचा चेंडू असा मारला की तो आमच्या दोन फिल्डरांच्या मधून गवतात सरपटत गेला. तो धावत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. एकाही माणसाने टाळी वाजवली नाही. उलट त्याच्याच लोकांनी त्याला शिव्या घातल्या. माझ्या हातात ग्लास होता, मी तो खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी देवळात शिंकले. मग चौथा आला, त्याने तीनदा हवेत बॅट फिरवली, तिसरा माणूस आउट आणि संपलं. सगळे बसकडे पळाले. आमचे एकमेकांना मिठ्या मारत होते. आणि तो म्हातारा तिथेच, पहिल्या बेसवर, दुसऱ्या बेसकडे तोंड करून उभा. थोड्या वेळाने त्याने हेल्मेट काढलं, तुमच्या दिशेने एकदा बघितलं, कदाचित नुसतं होम प्लेटकडे बघितलं असेल, आणि चालत निघून गेला.

त्या आठवड्यात ईमेल आला की सीझन इथेच संपला, फायनल नाही, सर्वांचे आभार. मैदान कौन्सिलचं, ते लगेच रिकामं करून द्यायचं होतं. फोटोंचं काय, मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, बघू, सॉर्ट करू. त्याच दिवसांत गिरावीनहून त्या मुलाचा फोन आला. आवाज बसला होता. "ताई, आई गेली. मला मोबाइलवर दाखवलं सगळं. नेटवर्क सारखं जात होतं. ताई, तिचा मोठा केलेला तेवढा एकच फोटो आहे. तेराव्याला समोर ठेवायला मिळेल का?" मी म्हटलं, मी स्वतः घेऊन येते. फोन ठेवून तशीच मैदानावर गेले, तर खुर्च्या मोकळ्या होत्या.

मागच्या गेटपाशी लोखंडी स्किप ठेवला होता, बांधकामाचा कचरा नेतात तसला. त्यात होती सगळी माणसं. कुत्री, टोप्या, पैठणी, सफारी, जिलबी, एकावर एक, काही पालथी, काहींच्या तोंडावर पिझ्झ्याची खोकी आणि वर कुणीतरी उरलेली कॉफी ओतलेली. मी मॅनेजरला फोन लावला. म्हटलं, हे लोकांचे आईवडील आहेत, आपण शब्द दिला होता. तो म्हणाला, "कॉरफ्लूट आहे ग, मेट. पाहिजे तर सीझन पासवर डिस्काउंट देऊ." मी फोन बंद केला. त्याच्याशी भांडायची किळस आली. काही माणसांशी भांडलं की आपलेच हात खराब होतात. मी बाही वर केली आणि स्किपमध्ये उतरले. अख्खी दुपार. उन्हात ते प्लास्टिक चटके देत होतं. आपल्या रांगेतले जेवढे सापडले तेवढे काढले, गेटच्या नळाखाली धुतले आणि कुंपणाला टेकवून वाळत घातले. तुम्ही अगदी तळाशी होतात, आठी तशीच. गिरावीनच्या त्या मुलाची आई तुमच्या शेजारी. तिच्या स्वेटरवर बुटाचा अख्खा तळवा उमटला होता, मैदानाच्या लाल मातीचा. साबणाने घासला, नखाने खरवडला, पण पन्हाळीत गेलेली माती निघेना.

दुसऱ्या दिवशी नवरा गाडी घेऊन हॉस्पिटलला शिफ्टला गेला होता, म्हणून मी तिला घेऊन ट्रेननेच निघाले. समुद्राच्या कडेकडेने गाडी जाते, तुम्हाला आवडलं असतं. डब्यात सगळे मास्क लावलेले आणि मी मांडीवर मफलरवाली बाई धरून बसलेली. समोरच्या गोऱ्या म्हातारीने बराच वेळ बघून विचारलं, "तुझी आई?" मी म्हटलं, नाही, एका मुलाची. तिने फोटोतल्या बाईचं तोंड खिडकीकडे आहे ना ते बघितलं आणि म्हणाली, बरं केलंस, तिला बाहेरचं दिसतंय. सबंध आठवड्यात कुणी काही माणसासारखं बोललं असेल तर ते एवढंच.

त्या मुलाच्या फ्लॅटमध्ये टीव्ही बाजूला सारून जागा केली होती. त्याच्या बायकोने कुंडीतले झेंडू काढून ठेवले होते. त्याने आईला भिंतीला टेकवलं आणि त्याला तो डाग दिसला. मी सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "माती आहे ना, ताई? मैदानातली? राहू दे." चहा झाला. मग तो हार सरळ करता करता म्हणाला, "एक विचारायचं होतं. शेवटच्या मॅचच्या दिवशी तिला धाप लागत होती, पण तिने विचारलं, कोण जिंकलं रे? मी म्हटलं ताईला विचारून सांगतो. मग राहूनच गेलं. कोण जिंकलं?"

बाई, मी त्या फोटोकडे बघितलं. वैतागलेली, मफलर गुंडाळलेली, मध्येच थांबवलेली बाई. तिला मी काय सांगणार होते? की पाण्याच्या पिंपाशी ठरलं? की आम्ही जिंकलो, कारण त्यांची बस उभी होती? मी सांगायला लागले. म्हटलं, पाचव्या इनिंगला पाहुण्यांचा एक म्हातारा खेळाडू आला, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्याने असा मारला. इथपर्यंत खरंच होतं. आणि मग थांबता येईना. म्हटलं, पुढच्या खेळाडूनेही मारला आणि तो म्हातारा लंगडत लंगडत धावला, दुसरा बेस, तिसरा बेस, आणि होम प्लेटवर छातीवर पडला, तुझ्या आईच्या अगदी समोर. बरोबरी झाली. मग सहावी, सातवी. तो म्हणाला, सातच ना ताई? मी म्हटलं, नाही, त्या दिवशी पूर्ण नऊ खेळले, बरोबरीत सुटत नाही हा खेळ. आठवीत आमचा एक चेंडू उंच गेला आणि त्यांच्यातल्या एका डावखुऱ्याने तो पळत जाऊन पकडला. नववीत पाहुण्यांनी एक रन काढली. आम्हाला ती फेडता आली नाही. आमचा शेवटचा माणूस आउट होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मग दोन्ही टीम ओळीने उभ्या राहिल्या. "आणि आई?" तो म्हणाला. मी म्हटलं, शेवटपर्यंत बसली होती. तो रडायला लागला आणि त्याची बायकोही, आणि मी चहाचे कप उचलून आत नेले.

तुम्ही माझ्या गॅरेजमध्ये आहात. हे प्लास्टिक जाळलं तर विषारी धूर होतो, समुद्रात सोडलं तर दंड होतो, आणि कचऱ्यात तुम्हाला मी एकदा बघितलंय, परत बघणार नाही. मुलगी म्हणते, "दॅट लेडी इज सो क्रीपी, आई," आणि तरीही सायकल काढताना तुम्हाला गुड मॉर्निंग म्हणते. हे पत्र मी कपडे धुवायच्या मशीनवर ठेवून, तुमच्यासमोर उभी राहूनच लिहिलंय, त्यामुळे ते पोस्टात टाकायचा प्रश्न नाही.

तेवढं एक सांगायचं राहिलं. बॅनरची ऑर्डर मी दुपारीच देऊन टाकली. फोटो छापले होते त्याच छापखान्यात, क्लबला हवी तेवढी लांबी, त्यांना हवे ते शब्द. नोकरी आहे, बाई, घराचा हप्ता आहे. थोड्याच दिवसांत ट्रेनमधून सगळ्यांना दिसेल की आम्ही अजिंक्य होतो. पण गिरावीनला एक घर आहे, तिथे आम्ही ती मॅच खेळलो आणि हरलो. पुरते हरलो.